छातीचा खड्डा कुणामुळे? नाशिकच्या अंधाऱ्या खोल्यांपासून आजपर्यंत



आजचा विषय जरा वेगळा आहे. घरात ही गोष्ट सगळ्यात आधी आईला दिसते. लेकराला आंघोळ घालताना हात छातीवरून फिरतो आणि मधोमध खोलगट लागतं, जणू वाटीभर खड्डाच. कधी याच्या उलट असतं, मधलं हाड कबुतराच्या छातीसारखं पुढे आलेलं असतं. आई गप्प बसते. पुढे पोरगं मोठं होतं. नदीवर, विहिरीवर पोहायला गेलेली पोरं हसतात आणि तेव्हापासून ते शर्ट काढत नाही. पोरगी असेल तर मग विषयच नाही. ती ओढणी घट्ट करते आणि आई लग्नाची काळजी करते.

आमच्या गटांच्या बैठकांत हा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच असतो, ‘हे कुणामुळे झालं?’ कुणी म्हणतं, ग्रहणात बाहेर गेली असेल. कुणी म्हणतं, तेल लावणाऱ्या बाईनं छाती नीट दाबली नाही. कुणी म्हणतं, आई एका कुशीवर झोपायची. बोट सारखं आईकडेच जातं. म्हणून आम्ही ठरवलं की या प्रश्नाचा जुना इतिहास शोधून सांगायचा. हाच प्रश्न जगभर शेकडो वर्षं विचारला गेला आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा धागा आपल्या महाराष्ट्रात, नाशिकला सापडतो.

आधी छाती कशी असते ते पाहू

आपल्या छातीत बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. मागे त्या पाठीच्या कण्याला जोडलेल्या असतात. पुढे छातीच्या मधोमध एक चपटं हाड असतं. बरगड्या थेट या हाडाला चिकटत नाहीत, मध्ये कुर्चेचा तुकडा असतो. आपला कान वरच्या बाजूला हाताने मुडपून पाहा, तो वाकतो आणि परत जागेवर येतो. तशीच लवचीक ही कुर्चा. ती लवचीक असते म्हणून श्वास घेताना छाती फुगते.

छातीचा आकार मुख्यतः दोन वाटांनी बिघडतो. पहिल्या वाटेत हाडंच मऊ राहतात. श्वास घेताना स्नायू ओढतात, तशी मऊ हाडं वाकत जातात. हा मुडदूस. दुसऱ्या वाटेत हाडं चांगली मजबूत असतात, पण ही कुर्चा वेडीवाकडी वाढते आणि मधलं हाड आत ओढलं जातं किंवा बाहेर ढकललं जातं. बाहेरून दोन्ही लेकरं सारखीच दिसू शकतात. कारण वेगळं आणि इलाज वेगळा. हे दोन धागे वेगळे ओळखायला माणसाला फार काळ लागला.

बुटाच्या साच्याला दिलेला दोष

छातीत खड्डा असलेल्या रुग्णाचं वर्णन युरोपातल्या वैद्यकाच्या पुस्तकात १५९४ सालापासून मिळतं. म्हणजे हा काही आजकालचा, खताच्या धान्याचा किंवा मोबाइलचा आजार नाही. १८८२ साली एब्स्टाइन नावाच्या जर्मन डॉक्टरने अशा रुग्णांचा अभ्यास मांडला आणि त्याला ‘नरसाळ्यासारखी छाती’ असं नाव रूढ झालं. तेल ओतायचं आपलं नरसाळं डोळ्यांपुढे आणा, तसा तो खड्डा.

पण लोकांच्या तोंडी दुसरंच नाव होतं, ‘बूट शिवणाऱ्याची छाती’. बूट शिवणारे कारागीर लाकडी साचा छातीला टेकवून काम करायचे. तो साचा रोज दाबून दाबून खड्डा पडतो, अशी समजूत होती. ज्यांनी कधी बूट शिवला नाही त्यांच्याही छातीत खड्डा असतो, तान्ह्या बाळाच्याही असतो, हे डोळ्यांसमोर असूनही नाव टिकून राहिलं. तिकडे साच्याला दोष गेला, आपल्याकडे ग्रहणाला आणि आईला जातो. कारण कळत नसलं की माणूस हाताशी असेल त्याला धरतो.

धुरातली शहरं आणि मऊ हाडं

आता पहिला धागा घेऊ, मुडदुसाचा. १६४५ साली व्हिसलर आणि १६५० साली ग्लिसन या इंग्रज डॉक्टरांनी मुडदुसाचं सविस्तर वर्णन लिहिलं. पाय धनुष्यासारखे वाकलेले, मनगटं जाड, कपाळ पुढे आलेलं, बरगड्या आणि कुर्चा जिथे मिळतात तिथे माळेच्या मण्यांसारख्या गाठी, छाती पुढे आलेली. पुढे इंग्लंडमध्ये कारखाने वाढले, दगडी कोळशाच्या धुराने आकाश झाकलं आणि अरुंद गल्ल्यांतल्या पोरांमध्ये हा आजार घरोघर दिसू लागला.

१८२२ साली पोलंडमधल्या श्न्यादेत्स्की नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलं की शहरातल्या पोरांना मुडदूस होतो आणि खेड्यातल्या मोकळ्यावर खेळणाऱ्या पोरांना फारसा होत नाही, म्हणजे ऊन हाच उपाय. पण त्याचं म्हणणं मागे पडलं. १८९० साली थिओबाल्ड पाम या डॉक्टरने तेच पुन्हा सांगितलं. तो जपानमध्ये राहून आलेला होता. तिथे मुडदूस दिसत नाही आणि इंग्लंडमध्ये इतका दिसतो, हे त्याला खटकलं. त्याने चीन, जपान, हिंदुस्थान अशा देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांकडून पत्राने माहिती मागवली. उत्तरं जुळवून त्याने निष्कर्ष काढला की फरक गरिबीचा नाही, घाणीचा नाही, उन्हाचा आहे.

तरीही मोठमोठे डॉक्टर मानायला तयार नव्हते. काहींना वाटायचं, पोषण कमी पडतं. काहींना वाटायचं, घरं कोंदट असतात. वाद मिटवायचा तर अशी जागा हवी होती, जिथे एकाच गावात, एकाच आकाशाखाली काही लोकांना भरपूर ऊन मिळतं आणि काहींना अजिबात मिळत नाही. ती जागा हिंदुस्थानात होती.

नाशिक, १९२२

हचिसन आणि शाह या दोन संशोधकांनी नाशिक भागात पाहणी केली. मुडदूस लहानपणी का होतो आणि मोठेपणी का होतो, यावरचा त्यांचा लेख १९२२ साली इंग्लंडच्या एका वैद्यकीय त्रैमासिकात छापून आला. त्यांना जे दिसलं ते त्या काळच्या समजुतीच्या अगदी उलट होतं.

गरीब घरांत, वावरात राबणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या लोकांत मुडदूस नव्हता. त्यांचं जेवण निकृष्ट होतं. पण बाया कामावर जायच्या आणि लेकरं त्यांच्याबरोबर बांधावर, झाडाखाली, उन्हात असायची. मुडदूस सापडला तो सधन घरांत. तिथे खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण पडदा होता. हिंदूंची वरच्या थरातली घरं होती, मुसलमानांची होती. कोवळ्या वयात, बाराएक वर्षांची असताना, पोरीचं लग्न व्हायचं आणि ती आतल्या खोल्यांत जायची. बाळंत झाली की बाळालाही घेऊन त्याच अर्धवट अंधारात राहायची. बाळाचे पहिले कित्येक महिने तिथेच जायचे.

मायबहिणींनो, हे चित्र नीट डोळ्यांपुढे आणा. दाराबाहेर नाशिकचं रखरखीत ऊन आणि आत मऊ हाडांचं लेकरू. त्या घरात तूप होतं, नोकरचाकर होते. कमी होतं ते दारातून दोन पावलं बाहेर टाकायचं स्वातंत्र्य. मुडदूस हा गरिबीचा आजार आहे असं म्हणणाऱ्यांना नाशिकच्या या पाहणीने गप्प केलं.

ही गोष्ट लेकरांपुरती नव्हती. मोठेपणी हाडं मऊ झाली की कंबरेची हाडं दबतात, बाळ यायची वाट अरुंद होते आणि बाळंतपणात बाई अडते. दिल्लीत डॉ. ग्रेस स्टेपलटन यांनी तरुण मुलींमधल्या आणि बायांमधल्या या आजारावर १९२० च्या दशकात लिहिलं. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदा आणि मातृत्व यावर पुस्तकच लिहिलं. त्यांनी पाहिलं होतं की पाण्यावर होड्या वल्हवणाऱ्या गरीब बायांची बाळंतपणं सोपी होतात आणि पडद्यातल्या श्रीमंत बाया अडतात. या दोघी स्त्री डॉक्टर होत्या, म्हणून त्यांना आतल्या खोल्यांत जाता आलं. पुरुष डॉक्टरला जिथे नाडी बघायचीही मुश्कील, तिथे मऊ हाडं कोण बघणार? बाईचा आजार दिसायला आधी तिला बघणारं कुणीतरी लागतं. हे पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

उन्हाचं रहस्य उलगडलं

त्याच सुमारास प्रयोगशाळांतही उत्तर सापडत होतं. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांचा दिवा धरला आणि हाडं भरू लागली. त्याने एका मुलाच्या एकाच हातावर किरण सोडले, तर दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होतं आणि ते रक्तातून सगळीकडे जातं. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहरात उपासमार होती. तिथे हॅरिएट चिक या इंग्रज शास्त्रज्ञ बाईंनी दवाखान्यातल्या मुलांवर अभ्यास केला. त्यांच्या चमूतही बहुतेक बायाच होत्या. माशाच्या यकृताचं तेल दिलं तरी मुडदूस बरा होतो आणि ऊन दिलं तरी बरा होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. १९२२ साली अमेरिकेतल्या मॅकॉलम यांनी त्या तेलातल्या घटकाला नाव दिलं, ड जीवनसत्त्व.

आता आपल्याला माहीत आहे की ऊन कातडीवर पडलं की ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्यामुळे जेवणातलं कॅल्शियम हाडांत जिरतं. ऊन भरपूर आहे पण जेवणात कॅल्शियमच नाही, तरीही हाडं मऊ राहू शकतात. भिंत बांधायला गवंडी आणि विटा दोन्ही लागतात, तसं हे आहे.

मग आपल्या वाशीमच्या उन्हात मुडदूस उरला का? देशभर २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाची मोठी सरकारी पाहणी झाली. तिच्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता १ ते ४ वर्षांच्या मुलांत १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या मुलांत १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या मुलांत २४ टक्के आढळली. वय वाढतं तशी कमतरता वाढते, हे लक्षात घ्या. पडदा गेला म्हणतो आपण. पण बाळंतीण अजून सव्वा महिना खिडकी लावलेल्या खोलीत असते. पोरगी मोठी झाली की अंगणातलं खेळणं बंद होतं. कमतरता म्हणजे लगेच मुडदूस असं नाही, पण मुडदुसाची वाट तिथूनच जाते.

लेकरू दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, टाळू भरत नाही, दात उशिरा येतात, मनगटं जाड दिसतात, पाय वाकलेत, बरगड्यांवर मणी लागतात, छाती पुढे येते किंवा छातीच्या खालच्या कडेला आडवी खाच पडते, असं काही दिसलं तर डॉक्टरकडे न्या. रक्ताची तपासणी आणि मनगटाचा एक्स-रे यांवरून निदान होतं. औषध साधं असतं, आणि वेळेवर मिळालं तर लहान लेकराची हाडं वाढता वाढता बरीच सरळ होतात. मात्र ड जीवनसत्त्वाची जोरदार मात्रा असलेली पुडी दुकानातून आणून मनाने देऊ नका. हे जीवनसत्त्व जास्त झालं तर मूत्रपिंडाला इजा होते. तान्ह्या बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब बालरोगतज्ज्ञ सुचवतात, ते विचारून द्या. बाळंतिणीला आणि बाळाला कोवळ्या उन्हात बसू द्या. पोरींना अंगणात, मैदानात खेळू द्या. काचेच्या बंद खिडकीतून आलेलं ऊन या कामाचं नाही. जेवणात दूध, दही, ताक, तीळ, राजगिरा, नाचणी, शेवग्याचा पाला यांतलं जे जमेल ते रोज असू द्या.

आता दुसरा धागा : कुर्चेची वाढ

पण ऊन मिळालं, दूध मिळालं, रक्ताची तपासणीही ठीक आली आणि तरी छातीत खड्डा आहे, असं पुष्कळ लेकरांचं असतं. ही दुसरी वाट. साधारण तीनशे-चारशे मुलांमागे एकाला असा खड्डा असतो. मुलींपेक्षा मुलांत तीन-चार पट जास्त. दहातल्या चार जणांच्या घरात आणखी कुणाला तरी तसाच असतो, म्हणजे ही ठेवण रक्तातून येते. कुर्चा अशी का वाढते याचं पूर्ण उत्तर अजून शास्त्रालाही मिळालेलं नाही. पण ग्रहण, मालीश, आईचं झोपणं, बसणं, खाणं यांचा त्यात काही हात नाही, हे नक्की. हे घरी सासूबाईंनाही वाचून दाखवा.

खड्डा बहुतेकदा पहिल्या वर्षातच दिसतो, पण तेव्हा उथळ असतो. पोरगं अकरा-बारा वर्षांचं झालं, भराभर उंच होऊ लागलं, की तो खोल होतो. पुढे आलेली छाती तर बहुतेकदा याच वयात दिसायला लागते. बऱ्याच लेकरांना त्याचा काही त्रास नसतो. काहींचं हृदय थोडं डावीकडे सरकतं आणि दाबलं जातं, फुप्फुसांना जागा कमी पडते. मग पळताना इतरांपेक्षा लवकर दम लागतो, धडधडतं, छातीत दुखतं.

इलाजाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९११ पासून युरोपात शस्त्रक्रियेचे प्रयत्न सुरू झाले. १९१३ साली जर्मन शल्यविशारद झाउअरब्रुख यांनी एका तरुणावर शस्त्रक्रिया केली. वडिलांच्या घड्याळाच्या कारखान्यात तो दमामुळे काम करू शकत नव्हता. नंतर तो दिवसाचे बारा-बारा तास काम करू लागला. १९४९ साली अमेरिकेतल्या रॅविच यांनी वाकडी कुर्चा काढून मधलं हाड सरळ बसवायची पद्धत घालून दिली. ती पुढे चाळीस-पन्नास वर्षं चालली. पण त्यात छातीवर मोठा चिरा द्यावा लागायचा.

१९८७ साली अमेरिकेतल्या नॉरफोक शहरात डॉ. डोनाल्ड नस यांच्या मनात साधा विचार आला की लेकराची कुर्चा इतकी लवचीक असते, मग ती कापायची कशाला? त्यांनी दोन्ही कुशींत छोटे छेद देऊन धनुष्यासारखी वाकवलेली धातूची पट्टी छातीच्या हाडामागून सरकवली आणि उलटी फिरवली. खड्डा आतून उचलला गेला. पट्टी दोन ते चार वर्षं आत ठेवायची, तोवर छाती त्या आकारात पक्की होते, मग पट्टी काढायची. दहा वर्षांत ४२ मुलांवर केलेलं काम त्यांनी १९९८ साली छापलं आणि ही पद्धत जगभर गेली. ज्या बालरुग्णालयात हे घडलं, ते बायकांच्या एका सेवाभावी संघटनेने १९६१ साली उभं केलेलं आहे. लहान लहान मंडळं करून काम करणाऱ्या बायांची ती संघटना. आपल्या गटांना हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.

शस्त्रक्रियेशिवायही वाटा निघाल्या. एकार्ट क्लोबे हे जर्मन अभियंता, त्यांच्या स्वतःच्या छातीत खड्डा होता. त्यांनी रबरी वाटीसारखं एक साधन केलं. ते छातीवर ठेवून हवा काढली की खड्डा वर ओढला जातो. डॉक्टरच्या देखरेखीखाली ते रोज थोडा थोडा वेळ, महिनोन्‌महिने वापरावं लागतं. पुढे आलेल्या छातीसाठी बाहेरून हलका दाब देणारा पट्टा असतो. वाढत्या वयात तो रोज कित्येक तास बांधला तर बऱ्याच मुलांची छाती शस्त्रक्रियेशिवाय सपाट होते. हे सगळे उपाय कुर्चा लवचीक आहे तोवर चांगले चालतात. म्हणून वय महत्त्वाचं. लग्न ठरायच्या वेळी धावाधाव करण्यापेक्षा नऊ ते चौदा या वयात एकदा दाखवून ठेवलेलं बरं.

आपल्या जिल्ह्यात काय करता येईल

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा. मुडदूस त्यांच्या यादीत आहे. पथकात एक पुरुष आणि एक स्त्री डॉक्टर असावी असा नियम आहे. पथक येणार असेल त्या दिवशी आईने शाळेत जावं आणि ‘बाई, माझ्या पोरीची छाती जरा बघा’ असं स्त्री डॉक्टरला सांगावं. शाळेतली मोठी पोरगी स्वतःहून ओढणी बाजूला करणार नाही, आणि पथकासमोर पोरांची रांग असते. आईने सांगितलं नाही तर ते राहून जातं. नाशिकच्या आतल्या खोल्यांत जे झालं, तेच पुन्हा होतं.

पथक पुढे पाठवेल तिथे जा. वाशीमला जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे, शेजारी अकोल्यातही आहे. तिथे तीन गोष्टी विचारा. हा मुडदूस आहे की कुर्चेची वाढ? हृदय आणि श्वास तपासायची गरज आहे का? आता काही करायचं की सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं? खड्डा खोल असेल तर सीटी स्कॅनवर छातीची रुंदी आणि खोली यांचं गुणोत्तर काढतात. साधारण अडीच असतं. सव्वातीनच्या वर गेलं तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, पण निर्णय एकट्या आकड्यावर नसतो. पोरगं खूप उंच, हातपाय आणि बोटं लांबसडक, डोळ्यांना जाड चष्मा असं असेल तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा. हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी लागते.

शस्त्रक्रिया मोठ्या शहरातच होते आणि खर्चिक असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत. आपल्या लेकराचा उपचार यादीत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. गटाचं कर्ज काढायचं असेल तर ते विचारून झाल्यावर काढा. खासगीत कुणी पहिल्याच भेटीत तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

काय करायचं नाही, तेही सांगतो. पुढे आलेल्या छातीवर घरच्या घरी फडकं आवळून बांधू नका, वजन ठेवू नका, डागण्या देऊ नका. जोरात मालीश करून हाड बसत नाही. व्यायामाने खड्डा भरत नाही, पण पोहणं, पळणं, दीर्घ श्वास आणि ताठ उभं राहणं याने दम वाढतो आणि खांदे पाडून चालायची सवय मोडते. म्हणून खेळ बंद करू नका, डॉक्टरने सांगितलं तरच थांबवा.

आणि एक फरक पक्का लक्षात ठेवा. आजवर छाती चांगली होती आणि आज तापात, खोकल्यात श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, श्वास भरभर चाललाय, बाळ दूध ओढत नाही, तर तो न्यूमोनिया असू शकतो. तेव्हा पथकाची वाट बघायची नाही. त्याच घटकेला आशाताईला हाक मारा, १०८ ला फोन लावा.

शेवटी पोरांच्या मनाविषयी. ज्याच्या छातीत खड्डा आहे, त्याला श्वासापेक्षा लाजेचा त्रास पुष्कळदा जास्त असतो. शाळेचा खेळाचा तास तो चुकवतो, पोलीस भरतीची तयारी सोडून देतो. त्याच्याशी घरातल्या कुणीतरी सरळ बोलावं, की तुझी छाती अशी आहे, तुझ्यासारखे पुष्कळ जण आहेत, आपण एकदा दाखवून येऊ. पोरगी असेल तर आईनेच तिच्याबरोबर जावं.

येत्या महिन्याच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला द्या. गटातल्या कुणाच्या घरी असं लेकरू असेल तर तिच्याकडे बोट न करता तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार, एवढं ठरवा. आणि गावात कुणी नवी बाळंतीण असेल तर तिच्या खोलीची खिडकी उघडून द्या.